मदत हवी आहे: रॅकवर ६८९, बिलात ७३१. सांगलीत तक्रार कुठे करायची?

वैतागलेला_सांगलीकर
सरळ विचारतो. विश्रामबागेतल्या एका मोठ्या दुकानात तेल घेतलं. रॅकवर ६८९ लिहिलं होतं, बिलात ७३१ लागलंय. घरी आल्यावर लक्षात आलं. परत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "सिस्टीमला येतं तेच लागतं सर." मॅनेजर जेवायला गेलेला. अर्धा तास थांबलो, आला नाही. जेवायला गेला का झोपायला, देव जाणे. ह्याची तक्रार कुठे करायची? वकील लागतो का? "४२ रुपयांसाठी कशाला" हे सांगायला कुणी येऊ नका. उद्या सकाळी परत जाणार आहे, लवकर सांगा.

कृष्णाकाठ
एमआरपी किती होती? किती लिटर? बिल ठेवलंय का?

भडंगप्रेमी
वजनमापे खात्यात कळवा, सरळ होतील. मिरज स्टेशनबाहेर मला एकाने पाण्याच्या बाटलीवर पाच रुपये कूलिंगचे म्हणून जादा लावले होते. मी फक्त वैध मापनचं (त्याच खात्याचं सरकारी नाव) नाव काढलं, पाचाचं नाणं लगेच हातात. अनुभवाचे बोल आहेत.

वैतागलेला_सांगलीकर
बिल आहे. पाच लिटरचा कॅन. एमआरपी ८६० आहे, पण तिचा इथं काय संबंध? मी रॅकवरच्या किमतीबद्दल विचारतोय.

कृष्णाकाठ
संबंध आहे म्हणून तर विचारलं. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे नियम आहेत, त्यात छापील किमतीच्या वर विकायला बंदी आहे. तुमच्याकडून ७३१ घेतले, म्हणजे छापीलपेक्षा कमीच. भडंगप्रेमी यांची बाटली एमआरपीच्या वर गेली म्हणून पाच रुपये सुटले. तुमचं बिल घेऊन वजनमाप्यांकडे गेलात तर ते हात वर करतील. रॅकच्या पाटीचा फोटो आहे का?

करडईवाला
मुळात रिफाइंड घेताच कशाला? लाकडी घाण्याचं करडईचं वापरा. आमच्यात तीन पिढ्या तेच चालतंय. डोळ्यांदेखत काढून देतात, ना पाटी ना बारकोड.

हिशेबनीस
हा सगळा जीएसटी बदलल्याचा घोळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला दर खाली आले, तेव्हापासून कुठल्याच दुकानात पाटी आणि बिल जुळत नाही.

कृष्णाकाठ
साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले. खाद्यतेलाला आधीपासून ५ टक्केच होता, तिथं काहीच हललं नाही. शिवाय दर कमी झाला तर बिल वाढेल कसं? नावाला तरी जागा.

फ्लोअरचा_पोरगा
मी अशाच एका दुकानात दोन वर्षं फ्लोअरला होतो. आमच्याकडं भाव बदलायचे हेड ऑफिसमधून, रात्री. पाट्या बदलायच्या आम्ही, सकाळी दुकान उघडायच्या आत. दोन-अडीचशे पाट्या आणि पोरं दोन, त्यातला एक हमखास सुट्टीवर. मग राहतात चार-सहा जुन्या. आणि गिऱ्हाईक सोयाबीनचा कॅन उचलून नको म्हणून सूर्यफुलाच्या जागेवर ठेवतं, ते निराळंच. पाटीवर खाली बारीक अक्षरात मालाचं नाव आणि कोड असतो, तो बिलातल्या कोडशी जुळतोय का बघा आधी. काउंटरवरच्या पोरीला बोलून काही होणार नाही ओ, तिला भाव बदलायची मुभाच नसते.

काळा_कोट
कायद्याची बाजू सांगतो. रॅकवरची किंमत हा प्रस्ताव नसतो, प्रस्तावाचं निमंत्रण असतं. तुम्ही माल काउंटरवर ठेवता तो प्रस्ताव. दुकानदार पैसे घेतो ती स्वीकृती. करार ७३१ ला झाला. आपण पैसे देताना स्क्रीनवरचा आकडा पाहिलात का?

कृष्णाकाठ
वकीलसाहेब, हे कराराच्या कायद्याचं झालं, १८७२ चं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्यात तक्रार कशाची करता येते ह्याच्या व्याख्येतच आहे की दुकानदाराने लावलेल्या दरपत्रकापेक्षा जादा किंमत घेतली तर.

काळा_कोट
कलम पूर्ण वाचा. "कोणत्याही कायद्यानुसार लावलेल्या" दरपत्रकापेक्षा, असे शब्द आहेत. तेलाची पाटी लावा असं कुठला कायदा सांगतो?

कृष्णाकाठ
बरं, तो मुद्दा तुमचा. मग त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे ती वाचा. किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणं त्यात येतं. एक पाटी चुकून राहिली असेल तर सोडून देऊ, पण दाखवूनही बदलत नसतील तर ती चूक कसली?

वैतागलेला_सांगलीकर
तुमचं भांडण संपलं की मला सांगा काय करायचं ते. स्क्रीन कुठली बघणार, मागं रांग लागलेली आणि मी कॅन मोजत होतो.

फ्लोअरचा_पोरगा
मोजत होता? किती घेतले?

वैतागलेला_सांगलीकर
सहा. दर महिन्याला लागतातच की. खानावळीला.

कृष्णाकाठ
खानावळ!! हे पहिल्या पोस्टमध्ये नको होतं का?

वैतागलेला_सांगलीकर
त्यात काय सांगायचं? आई आणि वहिनी वालचंद कॉलेजच्या पोरांचे डबे करतात, चाळीसेक. ४२ गुणिले सहा, २५२ रुपये झाले. आता तरी कुणी "कशाला" म्हणू नये.

काळा_कोट
बिल कोणाच्या नावाचं? त्यावर जीएसटी नंबर टाकलाय का? व्यापारी कारणासाठी माल घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही. समोरचा वकील पहिला हाच मुद्दा काढेल.

कृष्णाकाठ
ग्राहकाच्या त्याच व्याख्येला जोडून स्पष्टीकरणही आहे, तेही पूर्ण वाचा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी कारणात धरत नाहीत. चाळीस डबे दोघी बायका करतात, ह्याला कुणी कारखाना म्हणणार नाही.

काळा_कोट
मी मुद्दा निघेल म्हणालो, टिकेल म्हणालो नाही.

वैतागलेला_सांगलीकर
जीएसटी नंबर वगैरे काही नाही, बिल माझ्या नावावर. आणि फोटो आहे की पाटीचा. वहिनीला भाव कळवायला तिथूनच पाठवला होता. टाकतो.

(पाटीचा फोटो)

भडंगप्रेमी
फोटो असून दोन दिवस सगळ्यांना नाचवलं राव.

फ्लोअरचा_पोरगा
फोटो मोठा करून बघितला. कोड कुठला दिसतोय ते बिलाशी लावून बघा. पण त्याच्या खाली, पिवळ्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय वाचलं का? "एका बिलावर जास्तीत जास्त २ नग."

हिशेबनीस
झालं. म्हणजे दोन ६८९ ने आणि चार ७३१ ने. ८४ रुपये यायचे, २५२ नाही.

फ्लोअरचा_पोरगा
बिलात सहाच्या सहा ७३१ ने लागलेत म्हणजे दोनांची सूटसुद्धा मिळाली नाही. आमच्याकडं पण व्हायचं असं, मर्यादेच्या वर नग गेले की सिस्टीम ऑफरच काढून टाकायची. काउंटरवाल्याने दोन बिलं केली की लागायची. मॅनेजरला हे बरोबर माहीत असतं.

वैतागलेला_सांगलीकर
कोड जुळतोय. ती पट्टी मी खरंच वाचली नव्हती. अक्षरं मुंगीएवढी आहेत. पण ८४ तर ८४, ते तर माझे आहेत ना?

कृष्णाकाठ
आहेत. आणि तुमची बाजू आता जास्त पक्की झाली, कारण त्यांच्याच अटीप्रमाणे मागताय. बिल आणि फोटो दोन्ही घेऊन मॅनेजरलाच भेटा. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाही ऐकलं तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. ते हुकूम काढू शकत नाहीत, पण कंपनीला तक्रार पाठवून उत्तर मागतात, आणि मोठ्या साखळी दुकानांना ते नको असतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोगाकडची तक्रार ऑनलाइन, ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवरही होते. ८४ रुपयांसाठी तिथवर जाल असं वाटत नाही, पण दार उघडं आहे.

काळा_कोट
वकील सक्तीचा नाही हे खरं आहे. (नाइलाजाने लिहितोय.)

सांगलीची_सून
अवांतर: कापडी पिशवीचे बारा रुपये लावले तर परत मागता येतात का? आत जाताना घरची पिशवी काढून घेतात आणि बाहेर येताना विकत देतात.

भडंगप्रेमी
त्यापेक्षा गणपती पेठेत जा. पाटी नाही, सिस्टीम नाही. भाव तोंडी, घासाघीस तोंडी, आणि सहा डबे म्हटल्यावर शेठ स्वतः चहा मागवतो.

कृष्णाकाठ
आणि बिल मागितलं की तोच शेठ कच्च्या चिठ्ठीवर लिहून देतो. मग आयोगात चिठ्ठी दाखवा.

वैतागलेला_सांगलीकर
जाऊन आलो. मॅनेजर आज जागेवर होता. आधी म्हणाला ऑफर संपली. फोटोवरची तारीख आणि वेळ दाखवली, बिलाच्या अकरा मिनिटं आधीची. मग कॉम्प्युटरमध्ये बघितलं, कुणाला तरी फोन केला, आणि ८४ ची क्रेडिट नोट दिली, पुढच्या खरेदीत वापरा म्हणून.

कृष्णाकाठ
क्रेडिट नोट का घेतलीत? रोख मागायची. जादा घेतलेले पैसे आहेत, बक्षीस नव्हे.

वैतागलेला_सांगलीकर
मागणार होतो. आई बरोबर होती, तिने नोट घेतली आणि तिथंच त्याची साखर आणली. नोटेच्या वरचे दोन रुपये तिने दिले. पाटी मात्र अजून तशीच आहे, मी बाहेर पडताना बघितली.

करडईवाला
करडईच्या तेलाचं काय ठरलं?

नवा_सभासद
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण एमआरपीपेक्षा जादा घेतलं का? बिल आहे का?