मदत हवी आहे: नॅस्कारची नवी गाडी अशी गर्रकन का फिरते?

मंडळी, नॅस्कारचं (अमेरिकेतली स्टॉक-कार रेसिंग) टेक्निकल कळणारं कुणी आहे का? रेसिंग सिम्युलेटरवर जुनी जेन-६ (नॅस्कारची आधीच्या पिढीची गाडी) चालवताना मागचं टोक सुटायला लागलं की हाताला आधीच कळायचं, जरा उलटं स्टिअरिंग दिलं की सावरायची पण २०२२ ची नेक्स्ट जेन (तिच्यानंतरची नवी गाडी) घेतली आणि ट्रॅकच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या टर्नमधून निघताना गाडी गर्रकन फिरून थेट भिंतीत, तेही रोज (बायको हसते ते वेगळंच). आता यात मागचा सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) जाऊन इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) आलं, चाकं १५ ऐवजी १८ इंची म्हणून साइडवॉल (टायरची बाजूची रबरी भिंत) बारकी, शिवाय बॉडी दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणजे साइडफोर्स (हवेचा बाजूने मिळणारा आधार) कमी. मला संशय साइडवॉलवर आहे, बरोबर का? आणि सेटअपमध्ये आधी कशाला हात लावू, मागच्या उंचीला की टायरच्या हवेला?