मदत हवी: विंडसर्फिंगचा मास्ट जॉईंटात फसला, उद्या पहाटे गाडी निघते

धरणकाठचा_पोट्टा
राजेहो लवकर सांगा कोणी. मास्टचे दोन तुकडे एकमेकात फसून बसले, निघूनच नाही राह्यले. ओढून पाह्यलं, पिळून पाह्यलं, मी अन् माहा चुलतभाऊ दोन्हीकून धरून बसलो, हाताची सालटं गेली पण जॉईंट जागचा हलला नाही. तेलही सोडलं. घरात आता जो येते तो सल्ला देते, बाबा हातोडी शोधून राह्यले. भाऊ उद्या पहाटे पुण्याले निघते, सामान त्याच्या मित्राचं हाय, छोट्या गाडीत अख्खा मास्ट मावत नाही अन् टपावर कॅरियर नाही. फोटो टाकता येत नाही, नेट मरते इथं. ज्याले खरंच माहीत हाय त्यानंच सांगा.

बोअरमिस्त्री_वरूड
भाऊ पाईप जीआय हाय का यूपीव्हीसी? जीआय असन तर घाबरू नको, कपलिंगच्या खाली चेन पाना लाव, वरून पाईप पाना, अन् कपलिंगवर चारी बाजूनं हातोडी ठोक. ठोकल्यानं गंज सुटते मंग आटा फिरते. यूपीव्हीसी असन तर ठोकू नको, फुटते. मोटर किती एचपीची अन् किती फुटावर सोडली हाय ते सांग, आपली गाडी उद्या मोर्शीकडंच हाय.

धरणकाठचा_पोट्टा
बोअर नाही ना भाऊ. पाण्यावरची फळी रायते, तिच्यावर शीड लावतात, त्या शिडाचा खांब. आटे नाहीत त्याले, एकात एक घुसते नुसता.

कपाशी_आणि_चहा
मृग लागला, लोकं बियाण्याच्या दुकानासमोर रांगेत उभे अन् हा गडी अप्पर वर्धा धरणात शीड लावून राह्यला 😂 मानलं बावा. वारा बाकी मस्त सुटला हाय या हप्त्यात, टिनं उडाले आमच्या गोठ्याचे.

तारकर्ली_वारा
मी मालवणकडचा, बरीच वर्षं विंडसर्फिंग करतोय. आधी हे सांग, त्याशिवाय कोणी काही बोललं तरी उपयोग नाही. मास्ट कशाचा आहे, पूर्ण कार्बन की फायबरग्लास मिक्स की जुना ॲल्युमिनियमचा? खालच्या तुकड्यावर छापलेलं असतं, लांबी पण तिथेच. जाडा आहे की बारीक, म्हणजे एसडीएम की आरडीएम? आणि नक्की काय अडकलंय, मधला जॉईंट की बुडातलं एक्स्टेंशन, म्हणजे लांबी वाढवायला खाली घालतात ती नळी? लोक दोन्हीला मास्ट अडकला म्हणतात आणि दोन्हीचा इलाज वेगळा आहे. तेल कुठलं टाकलंस? शेवटचा कधी खोलला होता?

धरणकाठचा_पोट्टा
काळा हाय. मधला जॉईंट. तेल गाडीचं.

तारकर्ली_वारा
अरे बाबा, काळे सगळेच असतात. छापलेलं वाच ना. गाडीचं म्हणजे इंजिन ऑइल??

फिजिक्सवाले_सर
याला सोपा उपाय आहे, एवढी चर्चा कशाला. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो. बाहेरच्या नळीवर उकळतं पाणी ओता, आतल्या नळीत बर्फ भरा, बाहेरची फुगेल, आतली आकसेल, आणि जॉईंट आपोआप सुटेल. मी शाळेत पोरांना गोळा आणि कडीचा प्रयोग करून दाखवायचो तोच नियम. काचेच्या बरणीचं झाकण आपल्या घरी असंच उघडतात.

तारकर्ली_वारा
सर, ॲल्युमिनियम असेल तर चालेल. कार्बन असेल तर उकळतं पाणी अजिबात नको. कार्बनचे धागे एपॉक्सीत, म्हणजे घट्ट झालेल्या राळेत, बसवलेले असतात, ती एपॉक्सी गरम झाली की मऊ पडायला लागते आणि मास्टची ताकद जाते. आणि मिळवायचं काय, कार्बन तापून फुगतच नाही म्हटलं तरी चालेल.

फिजिक्सवाले_सर
फुगत नाही असा पदार्थ जगात नसतो बाळा.

तारकर्ली_वारा
धाग्याच्या दिशेने कार्बनचं प्रसरण शून्याच्या आसपास असतं, सर. बघून घ्या.

भंडाऱ्याची_ताई
धागा वाचून आमचंही विचारून घेते. माझ्या भावाकडे गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला कयाक आहे, त्याचं दोन तुकड्यांचं वल्हं असंच अडकलंय, ॲल्युमिनियमचं आहे, मध्ये बटण आहे ते दाबलंच जात नाही. त्याला काय करावं?

धरणकाठचा_पोट्टा
ताई माहं होऊ द्या आधी 🙏 टॉर्च मारून वाचलं. आरडीएम ४३०, आयएमसीएस २१, कार्बन ६० असं लिहून हाय. बुडात ॲल्युमिनियमचं एक्स्टेंशन होतं ते निघालं, त्याचा प्रश्न नाही. गोव्यावरून आणलं हाय सामान.

तारकर्ली_वारा
हां, आता कळलं. बारीक मास्ट, ४३० सेंटीमीटर लांब, साठ टक्के कार्बन, बाकी फायबरग्लास. आयएमसीएस हा नुसता कडकपणाचा आकडा. म्हणजे गरम पाणी बाद. एक्स्टेंशन निघालं हे नशीब समज, कार्बनमध्ये ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यानिशी राहिलं की ॲल्युमिनियम गंजून पांढरी पावडर धरतं आणि कायमचं बसतं. मधल्या जॉईंटात गंजायला काही नाही, तिथे अडकवते ती रेती. गोव्याची असेल नाहीतर तुमच्या धरणाची. काठावर रेतीत पसरून जोडलेला का? आणि वापरून झाल्यावर रोज खोलत होतात की जोडलेलाच ठेवला?

धरणकाठचा_पोट्टा
काठावरच जोडला, दुसरीकडं कुठं जोडन. वारा होता तवर रोज खोलाचं कोण, शीड काढून गोठ्यात आडवा ठेवत होतो. आता करू काय ते सांग ना भाऊ, रात्रीचे आठ वाजले.

बोअरमिस्त्री_वरूड
मी सांगून राह्यलो ना, चेन पाना. आटे नसन तरी पिळाले पकड लागते. हातानं नाही होत अशी कामं. एकीकून चेन, एकीकून पाईप पाना, दहा मिनिटाचं काम हाय. मी आजलोक ६०० फुटाच्या बोअरमधले पाईप काढले, ह्या खांबाचं काय घेऊन बसले.

तारकर्ली_वारा
दादा हात जोडतो, चेन लावू नका! लोखंडी पाईपाला चेनचे दात रुतले तर काही होत नाही, कार्बनची नळी पोकळ असते, एका जागी चावली की आतले धागे तुटतात. वरून नुसता ओरखडा दिसेल, आणि पुढच्या वेळी शीड ताणून दोरी ओढली की तिथूनच काडकन मोडेल, ते पण पाण्याच्या मध्यभागी. हातोडी, शिकंजा, पोपट पाना, काहीही धातूचं नको. बाबांना हातोडी ठेवायला सांग.

बोअरमिस्त्री_वरूड
मंग एवढं नाजूक सामान पाण्यात नेता कायले

निसर्गवेडा_नागपूर
मुद्दा वेगळा आहे पण कोणी बोलत नाही म्हणून मीच लिहितो. धरणाच्या पाण्यात शीड घेऊन उतरायला सिंचन विभागाची परवानगी घेतली का? लाइफ जॅकेट होतं का? बॅकवॉटरमध्ये बुडालेली झाडं, जुने बांध, कोळ्यांची जाळी असतात, वरून पाणी सपाट दिसतं. शिवाय या धरणातून अमरावतीला पिण्याचं पाणी जातं, त्यात इंजिन ऑइल लागलेला खांब कोणी धुवू नये ही नम्र विनंती. खिंडसीला रामटेकजवळ रीतसर बोटिंग चालतं, तिथे जाऊन हौस भागवा.

कपाशी_आणि_चहा
खिंडसीले पायडल मारत बसा म्हणते

निसर्गवेडा_नागपूर
हसण्यावारी नेऊ नका. दर उन्हाळ्यात बातम्या वाचता ना बुडाल्याच्या.

धरणकाठचा_पोट्टा
जॅकेट होतं साहेब. आमचं गावच काठावर हाय, पोहणं आम्ही चालण्याआधी शिकलो. आता जॉईंटाचं बोला ना कोणीतरी.

तारकर्ली_वारा
बोलतो. नीट वाच आणि घाई करू नको. पहिलं, ते तेल काढ. तेल आणि रेती मिळून आत लापी झाली आहे, म्हणून हात घसरतात आणि आतलं सुटत नाही. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालव, घरातलं साधं पाणी, मास्ट आडवा ठेवून जॉईंटच्या फटीवर ओतत राहा आणि गोल फिरवत राहा. मग जॉईंटपासून हातभर अंतरावर दोन्हीकडे उशा किंवा गोणपाट ठेव, आणि मध्ये तळहाताने हलकं हलकं दाब, फिरव, परत दाब. मास्ट मुळात वाकायलाच बनवलेला असतो, थोडा वाकला की फट उघडझाप करते आणि पाणी आत जाऊन रेती बाहेर येते. पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत हेच. अर्धा तास गेला तरी चालेल.
दुसरं, ओढणं बंद. ओढाताणीने रेतीचे कण पाचरीसारखे अजून घट्ट बसतात. आधी फक्त पिळायचं, इकडे थोडं तिकडे थोडं. फिरला की निम्मं काम झालं, मग फिरवत फिरवत ओढायचं.
पकडीसाठी बूम वापर, शीड हाताने धरायचा आडवा दांडा असतो तो. बूमचा हेड क्लॅम्प, म्हणजे मास्टला धरणारी पुढची पकड, एका तुकड्यावर जॉईंटच्या जवळ बसव, खाली रबर घालून, नेहमी शिडाला लावतोस तेवढाच घट्ट. बूमच्या लांबीमुळे इतका जोर मिळतो की दोन बोटांनी फिरेल. आमच्याकडे दोन बूम दोन तुकड्यांना लावून उलटसुलट फिरवतात, मिनिटाचं काम. तुझ्याकडे एकच असणार.

धरणकाठचा_पोट्टा
एकच हाय. दुसऱ्या बाजूले काय लावू?

बोअरमिस्त्री_वरूड
ट्रॅक्टरच्या ट्यूबचे पट्टे काप दोन बोटं रुंद. ओला पाईप आम्ही त्यानंच धरतो, पाना सटकते तवा. सुक्या फडक्यानं पुसून घेजो, मंग पट्टा ताणून ताणून गुंडाळजो, ज्या दिशेनं पिळाचं त्याच दिशेनं, म्हणजे पिळलं की पट्टा अजून आवळते. उलटा गुंडाळला तर सुटते. त्याच्यावर दोघं जण हातानं धरा, एकानं बूम का काय ते फिरवा.

तारकर्ली_वारा
हे एकदम बरोबर. रबराचा दाब सगळीकडे सारखा येतो, चावत नाही. शाब्बास मिस्त्री.

बोअरमिस्त्री_वरूड
म्हणजे आखरीले पानाच लावला ना, लोखंडाचा नाही तर रबराचा. मी काय वेगळं सांगून राह्यलो होतो

फिजिक्सवाले_सर
मी शोधून पाहिलं. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. ३२ मिलिमीटर व्यासाची नळी ५० अंशांनी तापवली तर ०.०४ मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, आणि जॉईंट सुटायला तेवढा पुरतो. कार्बनच्या बाबतीत तारकर्लीवाल्यांचं म्हणणं मान्य, मात्र धाग्यांची दिशा सगळीकडे एक नसते हे नमूद करतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात नुसता अंगणात ठेवला असता तरी...

तारकर्ली_वारा
सर, काळा मास्ट विदर्भाच्या मे महिन्यात अंगणात? त्याची एपॉक्सी काय म्हणेल. सावलीतच ठेवायचा असतो, गोठा बरा.

कपाशी_आणि_चहा
हे फळीवर शीड ऑलिंपिकमध्ये रायते ना? टीव्हीवर पाह्यल्यासारखं वाटते.

तारकर्ली_वारा
हो, १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून. बायकांसाठी वेगळी स्पर्धा १९९२ पासून. पॅरिसला २०२४ मध्ये फळीखाली फॉइल लावलेला प्रकार होता, फळी पाण्याच्या वर उचलून उडते तो.

कपाशी_आणि_चहा
उडते म्हणजे?? वेगळा धागा काढा राव याच्यावर

भंडाऱ्याची_ताई
पोट्ट्या काय झालं रे, अर्धा तास झाला तुझा पत्ता नाही. वैनगंगेकाठची लोकंही वाट बघून राहिलीत.

धरणकाठचा_पोट्टा
निघाला!! नेट गेलं होतं म्हणून उशीर. साबणाच्या पाण्यानं पयले तर काळा चिखल निघाला, मंग रेती, एवढी रेती कुठून आली काय माहीत. उशीवर दाबून दाबून फिरवत बसलो, आईच्या उशा गेल्या कामातून. ट्यूबचा पट्टा पयल्यांदा उलटा गुंडाळला, सटकला, मंग मिस्त्रीभाऊनं सांगतल्यासारखा. भाऊ बूमवर, मी अन् बाबा पट्ट्यावर. कर्र झालं अन् फिरला, मंग पिळत पिळत बाहेर. हातोडी बाबानं नेऊन ठेवली पण नाराज हायत.
एक सांगा, आतली जी नळी हाय जॉईंटाची तिच्यावर गोल गोल ओरखडे पडले. बारीक पॉलिश पेपर मारू का, म्हणजे पुढं फसणार नाही?

तारकर्ली_वारा
अजिबात नको! ती नळी मापात बसलेली असते. घासून सैल झाली तर शीड ताणल्यावर जॉईंट आत हलतो आणि मास्ट तिथेच फुटतो. ओरखडे नुसते वरचे असतील, नख फिरवून बघ, नख अडकत नसेल आणि धागे उपटून आलेले नसतील तर सोडून दे. धागे दिसले तर मात्र मित्राला आत्ताच फोन करून सांग, नुसता गाडीत टाकून देऊ नको. दोन्ही तुकडे आतूनसुद्धा साध्या पाण्याने धू आणि उभे करून वाळव. पुढच्या वेळी जोडायच्या आधी दोन्ही टोकं ओल्या फडक्याने पुसायची, आणि जोडल्यावर फटीवर इलेक्ट्रिकची टेप दोन वेढे. रेती आत जातच नाही. तेल, ग्रीस काही लावायचं नाही, त्याला रेती चिकटते.

धरणकाठचा_पोट्टा
नख नाही अडकत. टेप हाय घरी, मोटरच्या वायरची. धन्यवाद भाऊ, मिस्त्रीभाऊ वरूडले आलो की चहा माह्याकडून.

निसर्गवेडा_नागपूर
साबणाचं पाणी कुठे टाकलं?

धरणकाठचा_पोट्टा
अंगणात साहेब. लिंबाच्या झाडाले.

निसर्गवेडा_नागपूर
इंजिन ऑइलसकट? लिंबाला??

बोअरमिस्त्री_वरूड
लिंब मरत नाही एवढ्यानं. ताईचं राह्यलं ना.

तारकर्ली_वारा
ताई, तुमच्या वल्ह्याचं सोपं आहे. बटण दाबलं जात नाही म्हणजे आतल्या पातळ स्प्रिंगच्या पट्टीपाशी चिखल वाळलाय. बटण आणि फट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी लाकडाच्या काडीने बटण आत ढकलत ढकलत हलवा. बटण खाली जाईपर्यंत पिळू नका, नाहीतर भोकाची कड कापते.

फिजिक्सवाले_सर
आणि इथे माझं गरम पाणी चालेल, दोन्ही नळ्या ॲल्युमिनियमच्या आहेत. फक्त बाहेरच्या नळीवर ओतायचं, आतली तापायच्या आत ओढायचं. दोन्ही सारख्या तापल्या तर फायदा नाही. हातमोजे घाला.

भंडाऱ्याची_ताई
सांगते त्याला. तो म्हणतो नवीनच घेऊ, पण मी आधी बादलीत बुडवूनच ठेवते.