गुर्गेलला सरकारनं बुडवलं, की त्यानं स्वतःच चिखल सोडला?

उद्यमनगरकर:
परवा चहाच्या टपरीवर वाद अर्धवट राहिला, म्हणून इथं मांडतो. ब्राझीलच्या जुआव गुर्गेल नावाच्या इंजिनिअरनं १९६९ ला गाड्यांचा छोटा कारखाना काढला. पुढं तो रियो क्लारो गावात गेला. फोक्सवॅगनचं इंजिन मागं, वर फायबरग्लासची बॉडी. चिखलात, वाळूत चालणाऱ्या त्याच्या गाड्या लष्करानंही घेतल्या. १९८८ ला स्वतःच्या दोन सिलिंडरच्या इंजिनावर बीआर-८०० ही छोटी कार काढली आणि १९९४ ला दिवाळं निघालं.
माझ्या मते हा सरकारनं केलेला घात आहे. ८०० सीसीपर्यंतच्या गाडीला करात मोठी सवलत होती, त्या भरवशावर त्यानं पैसा ओतला. १९९० ला १००० सीसीपर्यंतचा कर उतरवला आणि त्याच वर्षी फियाटची ऊनो मिले आली. चार सिलिंडर, ऐसपैस जागा, किंमत जवळपास तेवढीच. मग गिऱ्हाईक कुठं जाणार?

बावडा रोड:
दादा, नाही पटत. कर बदलणारच, पण शहरातल्या गाडीत उतरायला त्याला कुणी सांगितलं होतं?
त्याची खरी करामत बघा. गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असणारी, नव्हतीच. हँडब्रेकजवळ दोन जादा दांड्या, मागच्या एकेका चाकाला एकेक. एक चाक चिखलात नुसतं गरगरत असलं की त्याच बाजूची दांडी ओढायची, ते चाक धरलं जातं आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची जोडणी, सगळा जोर दुसऱ्या चाकाला देतं. परतीच्या पावसानंतर ओल्या फडातून उसाची ट्रॉली काढताना आपण ट्रॅक्टरचा एका बाजूचा ब्रेक दाबतो, अगदी तेच. मी स्वतः कितीदा असा ट्रॅक्टर बाहेर काढलाय. एवढ्या स्वस्तात काम भागवणारं डोकं ज्याच्याकडं आहे, त्यानं फियाटशी झुंजायला जाऊ नये.

शिरोली फौंड्री:
इंजिन दुसऱ्याचं म्हणजे गळा दुसऱ्याच्या हातात, म्हणून स्वतःचं इंजिन करणं मला चूक वाटत नाही. चुकला तो आकड्यात. इंजिनच्या ब्लॉकचं पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात तो नमुना), कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा गाभा करायची पेटी), मशीनिंगची फिक्श्चर (नग धरून ठेवायची साधनं), हा खर्च हजार नग काढा नाहीतर लाख, तेवढाच. आमच्याकडं एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी पॅटर्न केलं, दोन लॉट गेल्यावर त्यांनी ड्रॉइंगच बदललं. ते पॅटर्न अजून माळ्यावर पडून आहे. एका कर-सवलतीवर अख्खं इंजिन उभं करायचं, याची मला भीती वाटते.

उद्यमनगरकर:
बावडा रोड, चिखलात तरी तो सुरक्षित होता का? १९९० ला आयात खुली झाली आणि रशियाची लाडा निवा आली. तिला चारही चाकांना जोर. तुमच्या दांड्या तिच्यापुढं किती टिकल्या असत्या?
आणि बीआर-८०० साठी लोकांनी कंपनीचे शेअर घेतले होते, आपल्या देशाची गाडी म्हणून. त्यांचे पैसे गेले, याचं मला जास्त वाईट वाटतं.

बावडा रोड:
निवाचा मुद्दा मान्य, तो माझ्या ध्यानात नव्हता. पण निवा पत्र्याची, गुर्गेल फायबरची. गुर्गेलची चासी पण पोलादी नळ्यांवर फायबर चढवून केलेली, म्हणजे गंज नाही. गगनबावड्याच्या पावसात पत्र्याचं काय होतं ते माझ्या जीपच्या फ्लोअरला विचारा, तिसऱ्यांदा वेल्डिंग केलंय. माझ्यासारखा माणूस फायबरचीच घेईल.

शिरोली फौंड्री:
घ्याल हो, पण असे किती जण? महिन्याला निदान किती गाड्या खपल्या तर कारखाना तगेल, तो हिशेब मांडा. मग पुढं बोलू.