बॉल पायथनच्या टाकीतला तापमान मोजणारा प्रोब जागेवर राहत नाही, कसा बसवू?

नमस्कार मंडळी,

नाशिकहून लिहितेय, इंदिरानगर. घरी बॉल पायथन साप आहे, पूर्ण वाढलेली मादी, चांगली दणकट. सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद आहे, त्यामुळे तो विषय प्लीज काढू नका. प्रश्न निव्वळ वायरीचा आहे.

टाकी काचेची, चार फुटी, फिश टँकवाल्याकडून करून घेतलेली. वर जाळीचं झाकण. डाव्या बाजूला तळाच्या काचेला बाहेरून हीट मॅट, ती तापमानानुसार चालू-बंद करायला एसटीसी-१००० कंट्रोलर. प्रोब मात्र आत आहे: कोकोपीटखाली, काचेवर, तिच्या लपायच्या खोक्याच्या बरोबर खाली. सेटिंग ३२ अंश, फरक १ अंश. थंड बाजू २५-२६ ला राहते.

भानगड अशी की बाईसाहेब रात्री फिरायला निघाल्या की आधी खोकं सरकवतात, मग नाकाने कोपरा उकरतात आणि वायर अंगाखाली आली की प्रोबही ओढत नेतात. सकाळी बघावं तर प्रोब पाण्याच्या भांड्याशी पडलेला. कंट्रोलर बिचारा थंड बाजूचं तापमान वाचत बसतो आणि मॅट बंदच होत नाही. अशाच एका सकाळी कोकोपीट बाजूला सारून काचेवर इन्फ्रारेड गन धरली तर ४१! ती तेव्हा उजव्या कोपऱ्यात होती म्हणून निभावलं. साप तापलेल्या जागेवरून आपणहून उठेलच असं नाही, पोट भाजेपर्यंत बसून राहतो, हे इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको.

आता थंडी तोंडावर आलीय. निफाडचे आकडे पेपरात यायला लागले की आमच्याही खोल्या गार पडतात आणि मॅट जवळजवळ रात्रभर चालू असते. आई टाकीकडे ढुंकूनही बघत नाही, पण झोपायच्या आधी "तिचा हीटर लावलास का" हे विचारतेच.

सक्शन कप लावून पाहिले, उबेने आणि कोकोपीटच्या धुळीने दोन दिवसांत सुटतात. वायरीवर दगड ठेवायचा तर ती त्याच्याखाली घुसून दगडच अंगावर घेईल अशी भीती. टेप आत अजिबात लावणार नाही. ओल आणि उष्णतेने कड सुटली की साप चिकटतो आणि सोडवताना खवले निघतात, तसे फोटो पाहिलेत. आता सिलिकॉनने कायमचा चिकटवावा का? कोणतं सिलिकॉन, आणि तिला किती दिवस बाहेर ठेवायचं? की प्रोब सरळ बाहेर काढून मॅट आणि काचेच्या मध्ये ठेवू? शिवाय वायर झाकणावरून आत जाते, त्यामुळे झाकण एका कोपऱ्यात बोटभर उचललेलं राहतं. तिथे सध्या कपडे वाळत घालायचा चिमटा लावलाय. हसू नका.

पंचवटी_एक्सप्रेस: विषय काढू नका म्हणालात तरी विचारतोच, साप पाळणं गुन्हा नाही का?

सरडा_आणि_मी: देशी साप पाळणं गुन्हाच आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा. बॉल पायथन आफ्रिकेतला. साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, म्हणून २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी बंधनकारक. ताईंनी ती केली आहे. आता वायरीकडे वळूया.

ताई, सिलिकॉन चालतं, मी वापरलंय. पण अ‍ॅक्वेरियमचंच घ्या. बाथरूमसाठी मिळतं त्यात बुरशीनाशक असतं, ते नको. प्रोबचं स्टीलचं टोक उघडं ठेवा, त्याच्या मागे वायरीवर दोन ठिकाणी थेंब द्या आणि वायर कोपऱ्याच्या सांध्यातून वर न्या, म्हणजे अंग घालायला फटच राहणार नाही. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, त्यामुळे नाशिकच्या कोरड्या थंडीत जरा जास्त वेळ धरा. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत तिला आत सोडू नका. दोन-तीन दिवस तरी.

आणि चुकून कधी काही चिकटलंच तर ओढायचं नाही. गोडं तेल लावून हळूहळू सोडवायचं.

अंबडचा_फिटर: मला सापातलं शून्य कळतं. पण भट्ट्यांना सेन्सर बसवण्यात निम्मं आयुष्य गेलं, म्हणून बोलतो.

कंट्रोल करणारा प्रोब सापाच्या वाट्याला जाईल अशा जागी ठेवूच नका. चिकटवला तरी नाही. सिलिकॉन आज धरेल, सहा महिन्यांनी सुटेल, आणि सुटलेलं तुम्हाला कळणार नाही. वायर तुटली तर एसटीसी एरर दाखवून बंद होतो. प्रोब नुसता सरकला तर त्याच्या लेखी सगळं आलबेल! तुमच्याकडे ४१ झाले ते असेच.

बाहेर घ्या. काच आणि मॅटच्या मध्ये, मॅटच्या मधोमध. तिथे कॅप्टॉन टेप लावा, मोटर वाइंडिंगवाले वापरतात ती पिवळसर. बाहेर टेपचा कोणाला त्रास नाही. टाकीखाली रबरी गुटके देऊन थोडी हवा खेळती ठेवा, नाहीतर प्रोब दबेल आणि मॅट कोंडून तापेल.

मग सेटिंग आकड्यावर नाही, आतल्या काचेवर जुळवायचं. ३२ पासून सुरू करा, चार-पाच तास स्थिर होऊ द्या, कोकोपीट सारून उघड्या काचेवर गन मारा. आत कमी असेल तर एकेक अंश वाढवा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा जास्त ठेवावा लागेल, किती ते काचेच्या जाडीवर.

सरडा_आणि_मी: फिटरदादांचं पटलं, माझा मुद्दा मागे घेतो. एक भर घालतो: आतला प्रोब भिजला तरी हाच घोळ होतो. साप त्याच्यावर मुतला किंवा भांडं सांडलं की प्रोब ओला राहतो, वाळताना गार पडतो, आणि मॅट उगाच जास्त चालते. मापायचं ते काचेवरच मापा, कोकोपीटच्या वर नाही. ती खाली उकरत जाणारच आहे, आणि जिथवर तिचं पोट पोचतं ती सगळ्यात गरम जागा हाच खरा आकडा.

धागाकर्ती: फिटरदादा, पण मग थंडीत खोलीच गार पडली तर बाहेरच्या प्रोबला आतलं काय कळणार?

अंबडचा_फिटर: बरोबर पकडलंत, ही त्याची खोट आहे. ऋतू बदलला की पुन्हा गन घेऊन जुळवावं लागतं. एकदा आत्ता, एकदा मार्चमध्ये. मे महिन्यात तर मॅट लागतेय का तेच आधी बघा.

आत हवा तर दुसरा प्रोब ठेवा, फक्त बघण्यासाठी. तो सरकला तरी नुकसान नाही, सिलिकॉन तिथे वापरा. अजून मनःशांती हवी असेल तर दुसरा कंट्रोलर पहिल्याच्या सिरीजमध्ये, ३-४ अंश वर सेट केलेला, त्याचाही प्रोब बाहेरच. पहिल्याचा रिले (आतला स्विच) चालू स्थितीत चिकटला तर हा वीज तोडेल. आमच्याकडे भट्टीला हाय-लिमिट वेगळी असते ती याचसाठी. एसटीसीच्या मागच्या बाजूला २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, तेव्हा डब्यात बसवून फ्यूज टाका आणि वायरमनकडूनच करून घ्या.

बसवण्याआधी दोन्ही प्रोब बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी अशा पेल्यात बुडवा. शून्य दाखवायला हवं. फरक निघाला तर कंट्रोलरच्या एफ-४ सेटिंगमध्ये दुरुस्त करा.

धागाकर्ती: आणि झाकणाचा चिमटा?

अंबडचा_फिटर: झाकणाच्या चौकटीला भोक पाडून पीजी-७ केबल ग्लँड लावा, एम.जी. रोडला किंवा रविवार कारंजावर इलेक्ट्रिकलच्या दुकानात विचारा. प्रोबचं टोक आधी आरपार घाला, मग नट आवळा, वायर घट्ट धरते आणि झाकण सपाट बसतं. भोक साडेबारा मिलिमीटरचं. काचेला मात्र ड्रिल लावू नका.