मदत हवी आहे: अँड्रॉइडमध्ये कोडमधून बटणावर लोगो लावतोय, सगळे पांढरे दिसालेत

पेठेतला_कोडर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. दिवसा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत जॉब आणि रात्री यूट्यूब बघून कोटलिन (अँड्रॉइड ॲप लिहायची भाषा), त्यामुळं बेसिक कच्चं असणार हे आधीच सांगतो.

आमच्या ग्रुपनं फुटबॉल सीझनसाठी स्कोअरचं छोटं ॲप काढायचं ठरवलंय. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या पोरांना शाहू स्टेडियमवर काय चाललंय ते कळावं, एवढंच. पहिल्या स्क्रीनवर सिनियर लीगच्या १६ संघांची १६ बटणं, वर लोगो खाली नाव, दाबलं की त्या संघाच्या मॅचेस.

आधी सोळाही बटणं एक्सएमएलमध्ये (स्क्रीनची मांडणी लिहायच्या फाइलीत) हातानं लिहिलेली, झकास चालत होती. मग एकानं खुसपट काढलं की संघ वरखाली झाले की दरवेळी परत लिहीत बसणार काय, म्हणून यादी सर्व्हरवरच्या जेसनमधून (माहिती ठेवायची टेक्स्ट फाइल) घेऊन लूपमध्ये बटणं बनवायची ठरली आणि तिथून वाट लागली. सेटकम्पाउंडड्रॉएबल्स (बटणाच्या टेक्स्टशेजारी चित्र लावायचं फंक्शन) वापरलं तर नाव येतंय पण लोगो येतच नाही, एरर पण नाही. त्याचंच ते लांबलचक भावंड वापरलं, विथइंट्रिन्सिकबाउंड्स वालं, तर लोगो एवढा मोठा की एका बटणातच स्क्रीन संपली आणि ॲप बैलगाडीसारखं चालालंय. मग मटेरियलबटण (गूगलच्या मटेरियल लायब्ररीतलं तयार बटण) घेऊन सेटआयकॉन केलं, तर साइज पटली पण सगळे लोगो पांढरे ठिपके. रंगच गायब!

आणि सगळ्यात डेंजर म्हणजे नावं एका ॲरेत (यादीत) आणि लोगो दुसऱ्या ॲरेत ठेवलेले, पॉइंट टेबलप्रमाणं सॉर्ट केलं तर नावं हलली आणि लोगो तिथंच. पाटाकडील तालमीच्या संघाच्या बटणावर विरोधी दिलबहार तालमीचा लोगो! बाहेरच्यांना यात एवढं काय वाटेल, पण मला पेठेत राहायचंय राव. काय चुकालंय सांगा.

हलगी_वाजव
मटेरियल कशाला, सरळ इमेजबटण घे की, त्यात फोटो लगेच बसतो. आणि तो दिलबहारवाला स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला नाहीस ना 😂

तांबडा_पांढरा
इमेजबटण नको भावा. नावात बटण असलं तरी ते इमेजव्ह्यूचं पोर आहे, बटणाचं नाही, त्यामुळं त्याच्यावर टेक्स्ट येत नाही, आणि याला नाव तर पाहिजेच.

आता एकेक बघ. पहिल्यात लोगो दिसत नाही कारण सेटकम्पाउंडड्रॉएबल्सला आधी सेटबाउंड्स करून (किती जागेत काढायचं ते सांगून) दिलेला ड्रॉएबल, म्हणजे चित्र, लागतो. बाउंड्स दिले नाहीस तर रुंदी शून्य उंची शून्य, तो बिचारा शून्य जागेत काढतो आणि गप बसतो, म्हणून एरर नाही. लांब नावाचं भावंड फोटोची मूळ साइज स्वतःच घेतं म्हणून तिथं दिसला. पण तुझी मूळ साइज किती आहे? लोगो मोबाइलनं फोटो काढून टाकलेत काय?

पेठेतला_कोडर
होय दादा, तालमीतल्या बोर्डाचे आणि जर्सीचे फोटो काढून कापलेत. १२ मेगापिक्सेल. ड्रॉएबल फोल्डरमध्येच आहेत.

तांबडा_पांढरा
मग झालंच. ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एक फोटो मेमरीत उघडला की ४८ एमबी. फाइल २-३ एमबीची असली तरी उघडल्यावर तेवढाच होतो. सोळांचे ७६८ एमबी, ॲप चाललं हेच नवल. त्यात साध्या ड्रॉएबल फोल्डरला अँड्रॉइड एमडीपीआय (१ पट डेन्सिटी, म्हणजे पिक्सेलची दाटी) समजतं, म्हणजे ३ पट डेन्सिटीच्या फोनवर तोच लोगो आणखी ३ पट मोठा मांडतं. तुला बटणावर समजा ४८ डीपी (फोनच्या डेन्सिटीनं गुणलं की पिक्सेल होणारं माप) पाहिजे, तर त्या फोनला १४४ पिक्सेल झाले. १९२ बाय १९२ ची पीएनजी करून ट्रिपलएक्सएचडीपीआय (४ पट डेन्सिटीच्या) फोल्डरला टाक, पुरे झालं.

पांढऱ्याचं कारण वेगळंय. मटेरियलबटण आयकॉनला स्वतःच टिंट (एकरंगी थर) लावतं, टेक्स्टच्याच रंगाचा. बाण, कचरापेटी असल्या एकरंगी आयकॉनला ते छान दिसतं, पण रंगीत लोगोची नुसती सावली राहते. आयकॉनटिंट इज इक्वल टू नल (म्हणजे काहीच नाही) कर, रंग परत येतील. आयकॉनग्रॅव्हिटी टॉप कर म्हणजे नावाच्या वर बसेल. आयकॉनसाइज पिक्सेलमध्ये द्यायची असते, डीपीचा आकडा तसाच टाकलास तर बारीक दिसेल, डेन्सिटीनं गुणून दे. अजून एक, ही साइज रुंदी-उंची दोन्हीला एकच लागते, ढालीसारखा उभा लोगो असला तर दाबून चपटा होतो. पीएनजी करतानाच बाजूनं पारदर्शक जागा सोडून चौकोनी कर.

आणि दोन ॲरे असल्या तर हे कधी ना कधी होणारच. एका संघाचं नाव, पॉइंट, लोगो एकाच डेटा क्लासमध्ये (एकत्र बांधलेल्या नोंदीत) ठेव, मग हवं तसं सॉर्ट कर.

पेठेतला_कोडर
दादा नाद खुळा! टिंट नल केलं आणि रंग आले. लोगोचं नाव आता जेसनमध्येच ठेवलंय, लोगो_दिलबहार असं, आणि गेटआयडेंटिफायरनं नावावरून ड्रॉएबल काढतोय. आधी फाइलचं नाव मराठीत ठेवलेलं तर बिल्डच होईना, मग कळलं की छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं.

पेठेतला_कोडर
परत मीच. 🙏 माझ्या फोनवर केबल लावून रन केलं तर सोळाही लोगो दिसतात. रिलीज एपीके (वाटायची पक्की ॲप फाइल) बनवून ग्रुपवर टाकली तर कुणालाच एकही लोगो दिसंना, नुसती नावं. परवा मॅच आहे आणि पोरं "ॲप कुठाय" म्हणून डोकं खायालेत.

हलगी_वाजव
साइज कमी करायला श्रिंक रिसोर्सेस (न वापरलेल्या फाइली काढून टाकायची सेटिंग) चालू केलंयस काय?

पेठेतला_कोडर
हो, एका व्हिडिओत सांगितलेलं.

हलगी_वाजव
तिथंच गेम झालाय. बिल्ड करताना ते बघतं की कुठला ड्रॉएबल कोडमध्ये वापरलाय. तुझी नावं सर्व्हरवरनं येतात, कोडमध्ये लोगो_दिलबहार हा शब्दच कुठं नाही, म्हणून त्यानं बिनकामाचे समजून सगळे लोगो काढून टाकले. डीबगमध्ये (केबल लावून चालवतोस त्या बिल्डमध्ये) श्रिंक बंद असतं म्हणून तुला दिसत होते. रेस फोल्डरच्या आत रॉ फोल्डर कर, त्यात कीप नावाची एक्सएमएल ठेव, रिसोर्सेस टॅगमध्ये टूल्स कीपला ॲट ड्रॉएबल स्लॅश लोगो_ आणि पुढं स्टार. लोगो_ नं सुरू होणारं सगळं राहील. आणि गेटआयडेंटिफायरला नाव सापडलं नाही तर शून्य देतं, तो शून्य तसाच पुढं ढकललास तर ॲप बसेल, तिथं साधा बॉलचा आयकॉन दाखव.

तांबडा_पांढरा
बरोबर. माझं मत विचारशील तर कोडमध्येच मॅप (जोड्यांची यादी) कर, डावीकडं संघाचं नाव, उजवीकडं आर डॉट ड्रॉएबल, म्हणजे त्याच्या लोगोचा थेट उल्लेख. श्रिंकला पण कळतं आणि स्पेलिंग चुकलं तर बिल्डच होत नाही, पेठेत तोंड दाखवायला जागा राहते.

हलगी_वाजव
पण नवीन संघ वर आला की परत एपीके वाटत फिरायचं? तसं असेल तर लोगो पण सर्व्हरवर ठेव आणि कॉइल नाहीतर ग्लाइड या नेटवरनं फोटो आणणाऱ्या लायब्ररीनं आण. परवापर्यंत मात्र कीप फाइलच कर, आता नवीन काही घालू नकोस.

पेठेतला_कोडर
कीप फाइल टाकली, सोळा लोगो आले, चार वेगवेगळ्या फोनवर बघितले. टेबल उलटसुलट सॉर्ट करून पण बघितलं, पाटाकडीलला पाटाकडील, दिलबहारला दिलबहार. एकाचा लोगो अजून चपटा दिसतोय, तो आज रात्री चौकोनी करतो. त्या तालमीतला एक जण आमच्याच शिफ्टला आहे, त्यानं सकाळी चहाला बघितलंय.