'हँग्ड मॅन'ला मराठीत काय म्हणावं?

रेघोटी: टॅरोभोवती, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांभोवती, रचलेलं एक कॉमिक मराठीत आणतेय. 'हँग्ड मॅन' या पत्त्याला आधी 'फाशी गेलेला' लिहिलं. बहीण म्हणाली, चित्र बघ, दोर घोट्याला आहे. खरंच की. एक पाय बांधलेला, दुसरा गुडघ्यात मुडपून मागे, डोक्याभोवती प्रभावळ, चेहरा शांत. मग 'उलटा टांगलेला' केलं. पण पुढच्या पानावर हाच पत्ता उलटा पडतो आणि माणूस सरळ उभा दिसतो! सगळा कथाभाग त्या एका चौकटीवर तोललाय. तिथे 'उलटा टांगलेला उलटा आला' कसं लिहू?

जुनी वही: त्रिशंकू! डोकं खाली, ना स्वर्गात ना पृथ्वीवर.

मधलं पान: त्रिशंकू म्हटलं की मागोमाग विश्वामित्र आलाच. वाचक तुमची गोष्ट सोडून ती आठवत बसेल. शिवाय त्रिशंकूला वरून ढकललं होतं, हा निवांत आहे.

कातरवेळ: प्रभावळ आहे म्हणजे चित्रकाराने १९०९ चा कॅट समोर ठेवलाय, पामेला कोलमन स्मिथने काढलेला. जुन्या इटलीत या पत्त्याला 'गद्दार' असंही नाव होतं. फितुरांची बदनामी करायला त्यांची अशीच एका पायाने टांगलेली चित्रं भिंतींवर रंगवत. तुमचा माणूस कुणाला दगा देतो का?

रेघोटी: देतो, शेवटच्या पानावर! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जुनी वही: मग 'टांगलेला' एवढंच ठेवा. 'जीव टांगणीला' हेही त्यात येतं. आणि 'टांगणे' हे 'टांग'वरूनच आलं असणार.

मधलं पान: कंदील टांगतो, सदरा टांगतो, त्यांना कुठली टांग? उच्चार जुळला म्हणजे व्युत्पत्ती होत नाही. 'अधांतरी' घ्या. पत्ता कसाही पडो, अर्थ टिकतो.

जुनी वही: 'अधांतरी'त दोरच नाही. आणि कातरवेळ, 'कॅट' काय? 'संच' म्हणा.

कातरवेळ: पत्ते खेळताना 'संच पिस' कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. कॅटच पिसतात. टॅरोही पंधराव्या शतकात इटलीत खेळ म्हणूनच सुरू झाला, भविष्य फार नंतर आलं. 'मेजर आर्काना'तली, म्हणजे टॅरोच्या मुख्य चित्रपत्त्यांतली, १ ते २१ आकड्यांची पानं म्हणजे त्या खेळातले हुकूम. मी तर 'हुकूम'च लिहीन.

मधलं पान: 'हुकूम' वाचून डोळ्यांपुढे एक्का येतो, गूढ काही येत नाही.

कातरवेळ: गूढपणा चित्रात आहे, तो शब्दात कशाला कोंबायचा? बारावं, म्हणजे हे 'हँग्ड मॅन'चं, पान दिसलं की पुढचं तेरावं मृत्यूचं, हे जाणत्या वाचकाला आकड्यावरूनच कळतं.

रेघोटी: अजून एक अडचण. बहीण म्हणते, 'पत्ता उलटा' म्हणजे पालथा, पाठ वर असलेला. इथे तर चित्र समोर आहे, फक्त डोकं-पाय बदललेत.

जुनी वही: 'उफराटा'! आमची आजी सदऱ्याची मागची बाजू पुढे आली की हेच म्हणायची.

मधलं पान: आमच्याकडे आतली बाजू बाहेर आली की उफराटा. मागचं पुढे आलं तर नाही.