उलटल्यावर एकट्याला परत चढता यावे, यासाठी कयाकच्या (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीच्या) डेकवर, म्हणजे वरच्या झाकलेल्या भागावर, सामान कसे बांधावे?

खाडीकाठ: मी कर्ली नदीतून देवबागच्या संगमापर्यंत, म्हणजे ती समुद्राला मिळते तिथपर्यंत, एकटाच वल्हवतो. माझी कयाक आत बसण्याची आहे. रविवारी कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटून पाहिले, तेव्हा मागच्या डेकवरच्या पिशवीला छाती अडून तीन वेळा चढता आले नाही. पाणी उपसायचा पंप, पॅडल फ्लोट (चढताना आधारासाठी वल्ह्याच्या पात्यावर बसवायची फुगवता येणारी पिशवी) आणि जादा वल्हे कुठे बांधावे? खर्च दीड हजारापर्यंतच झेपेल.

पाणकावळा: मी आठ हजारांची डेकबॅग घेतली असून दोन हंगामांत आत थेंबही गेलेला नाही. तीच घ्यावी.

ओहोटी: डेकबॅगने प्रश्न सुटणार नाही, कारण उंच सामान वारा धरते आणि कयाक अधिक डुलते. फ्लोट पात्यावर चढवून फुगवल्यावर वल्ह्याचा दांडा बैठकीमागच्या दोऱ्यांखाली सरकवायचा आणि मागच्या डेकवर पालथे पडून पाय आत घ्यायचे, म्हणून तेवढी जागा मोकळीच हवी. पंप व फ्लोट पुढच्या डेकवर ठेवावेत.

सड्यावरचा: वल्हे दोरीने कयाकला बांधाच! मालवणजवळ उलटलो तेव्हा वाऱ्याने कयाक आणि वल्हे दोन दिशांना नेले होते.

ओहोटी: फुटत्या लाटांत तीच दोरी माझ्या पायात गुंतली होती. संगमावर ओहोटीचे पाणी समोरून येणाऱ्या लाटांवर आदळते, तिथे लांब दोरी नकोच.

सड्यावरचा: माझी दोरी आखूड आहे आणि ती कधीही गुंतलेली नाही.

निवती: मागचे डेक मोकळे ठेवा, हे मीही सांगते. शिवाय रबरी दोऱ्या उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने सैल पडतात. माझा पंप पहिल्याच लाटेत त्यांच्यातून निसटला. दोरी ओढून सोडल्यावर झटकन परत बसत नसेल तर बदलावी, त्याला फार खर्च येत नाही. शिट्टी आणि मोबाइल मात्र जॅकेटवरच ठेवावेत, कारण कयाक हातची गेली तर डेकवरचे सगळेच जाते.

पाणकावळा: माझ्या डेकबॅगमध्ये मोबाइलही राहतो.

खाडीकाठ: सर्वांचा आभारी आहे. आज पुन्हा उलटून पाहिले. पंप पुढे ठेवण्याचा सल्ला पटला होता, पण वल्हवताना माझी बोटे त्यावर आपटतात. म्हणून पंप आणि फ्लोट बैठकीमागे, आतल्या बाजूला कड्यांना अडकवले. कयाक सुलटी केल्यावर पाण्यातूनच डावा हात घालून दोन्ही निघाले आणि दुसऱ्या प्रयत्नात चढलो. जादा वल्हे पुढे बांधले आहे. रबरी दोऱ्या तेवढ्या नव्या घेतो.